मस्तुराची शिळी कॉपी

४ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मन मोकळं करायला नव्हे, पुराव्यासाठी. उद्या चौकशी बसली तर कोण कधी काय म्हणालं ते माझ्याकडे हवं.

आज सकाळच्या मीटिंगमध्ये मस्तुरानं माझा अपमान केला. सगळ्यांसमोर.

प्रकरण असं. आमच्या हॉस्पिटलची डिरेक्टरी मी सांभाळतो. डॉक्टर, नर्स, ड्रायव्हर, सगळ्यांची नावं, पासवर्ड आणि फोन ज्या सर्व्हरवर आहेत, तो सर्व्हर माझा. मलेशियातल्या या इपोह शहरात माझ्याइतका जुना डिरेक्टरीवाला दुसरा नाही. वॉर्डातल्या नर्स जो प्रोग्राम वापरतात तो मस्तुराचा. तिचा प्रोग्राम मागतो, माझा सर्व्हर देतो. कोण वर, कोण खाली, हे यातच आलं.

मिस्टर परमशिवम, म्हणजे आमचे ऑपरेशन्सचे साहेब, त्यांना डॉक्टरांच्या नावापुढे 'ड्यूटी फोन' असा नवा रकाना हवा होता. नर्सनं बटण दाबलं की थेट फोन. शुक्रवारी मी तो घातला. कॉफी निवायच्या आत.

आणि आज मस्तुरा म्हणते, "अंकलनी रकाना घातलाय, पण वॉर्डात दिसत नाहीये. सर्व्हरवर नीट बसलाय का, एकदा बघाल का अंकल?"

अंकल! मी चौपन्नचा, ती छत्तीसची. वर्षभर हेडची जागा रिकामी आहे. अर्ज दोघांचेच. अशा वेळी 'अंकल' हा शब्द तोंडातून चुकून निघत नसतो.

निश्चय : महिनाअखेरपर्यंत मस्तुराला उघडी पाडणे. दुसरा निश्चय : कॉफीत साखर बंद. साखरेनं डोकं तापतं, आणि मला हे काम शांतपणे करायचं आहे.

५ मार्च

गुन्हा सापडला. एका दुपारात.

कुठले कुठले रकाने आहेत, त्यांची नावं काय, याचा एक नकाशा सर्व्हरवर असतो. त्याला स्कीमा म्हणतात. मस्तुराचा प्रोग्राम उघडताना हा नकाशा एकदाच वाचतो, कॉपी काढतो आणि बंद होईपर्यंत त्या कॉपीलाच चिकटून बसतो. वॉर्डातले कॉम्प्युटर महिनोन्‌महिने कुणी बंद करत नाही. म्हणजे माझा ताजा रकाना इकडे वाट बघतोय, आणि ती बसली आहे शिळी कॉपी उराशी धरून!

उपाय सोपा. प्रोग्राम बंद करून परत उघडायचा. शेंबडं पोर करील.

तिला सांगणार नाही. गरज असेल तर तिनं विचारावं.

साखर : फक्त सकाळच्या कॉफीत. सुरुवात हळूहळू करावी असं डॉक्टरही सांगतात.

७ मार्च

मस्तुराची मेल. "अंकल, स्कीमा बदलल्यावर वॉर्डातले प्रोग्राम बंद करून उघडावे लागतील का?" परमशिवम साहेबांना कॉपी.

साहेबांना कॉपी टाकून विचारणं म्हणजे विचारणं नव्हे. ती चहाडी झाली. एका ओळीचं उत्तर पाठवलं : 'सर्व्हरवर सगळं ठीक आहे.' यात एक शब्द खोटा नाही.

८ मार्च

आज युक्ती. रकान्याचं नाव बदलून टाकलं. आता 'ड्यूटी फोन २'. तिचा प्रोग्राम खरंच ताजा नकाशा वाचत असेल तर वॉर्डात '२' दिसेल. नाही दिसला तर पुरावा तयार. या रकान्यात सगळ्या डॉक्टरांपुढे सध्या माझाच मोबाइल नंबर घातलाय, चाचणीपुरता. नंतर काढेन.

तीन वाजता वॉर्ड चारचा प्लग कुणीतरी फ्लोअर पॉलिशच्या मशीनसाठी उपटला. परत चालू केल्यावर तिथे '२' झळकला. बाकीच्या वॉर्डांत काहीच नाही. एकाच हॉस्पिटलात दोन सत्यं! मस्तुरा या मजल्यावरून त्या मजल्यावर पळत होती. मी खिडकीतून डोंगर बघत साखरेची कॉफी घेतली. प्रसंगच तसा होता.

११ मार्च

पुरावा पक्का असावा म्हणून आज 'ड्यूटी फोन ३' केला. या '३'मध्ये खरे नंबर घातले. '२' काढून टाकता येत नाही. आमच्या सर्व्हरवर एकदा घातलेला रकाना जात नाही, नुसता झाकून ठेवता येतो. झाकायचा राहिला.

आता वॉर्ड एक आणि पाचमध्ये रकानाच नाही, चारमध्ये '२', सहामध्ये '३'. ज्याचा प्रोग्राम ज्या दिवशी उघडला त्याच्याकडे त्या दिवसाचा नकाशा. नर्स मस्तुराच्या नावानं शंख करताहेत. लिफ्टमध्ये एकीला मीही म्हणालो की हो ना, हल्ली सॉफ्टवेअर कुणीही करतं.

रात्री जेवताना सिउ लिनला सगळं रंगवून सांगितलं. माझी बायको तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती, ऐकून घ्यायची सवय नाही. म्हणाली, "म्हणजे ती दुरुस्त करतेय आणि तू परत बिघडवतोयस."

मी म्हटलं, मी बिघडवत नाही, तपासतोय.

"मग तपासून झालं असेल तर तिला सांग की."

बायकांना सूड कळत नाही. परमशिवम साहेबांनाही कळत नाही, पण ते वेगळं.

१२ मार्च

रमजान सुरू. मस्तुराचा उपवास. म्हणून मीटिंग मुद्दाम संध्याकाळी पाचला ठेवली. दिवसभर पोटात अन्नपाणी नसलेला माणूस वादात लवकर खचतो.

मीही दुपारचं जेवण टाळलं. साखरेचं पथ्य आणि चपळपणा, दोन्हीसाठी.

साडेपाचच्या सुमारास माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. खुर्ची धरून बसलो. मस्तुरा टवटवीत. तिनंच पर्समधून अननसाची टार्ट काढली. "घ्या अंकल, घरी न्यायला घेतल्या होत्या. काही बोलू नका, आधी खा." मी तत्त्व म्हणून अर्धीच खाल्ली. मग उरलेली अर्धी. मग तिनं डबाच पुढे सरकवला.

मीटिंगमध्ये काय ठरलं ते आठवत नाही. पुढच्या सोमवारी मी सगळ्यांसमोर सर्व्हर उघडून दाखवणार, असं काहीतरी मीच म्हणालो म्हणे. उत्तम. तोच तिचा शेवट.

१५ मार्च

दिवसभर तयारी. शेवटचं वाक्य तयार : "सर्व्हर खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ते शिळ्या कॉप्या बाळगणारे." आरशासमोर म्हणून पाहिलं. 'बाळगणारे' म्हणताना भुवई आपोआप वर जाते. मस्त.

मोबाइलवर दोनदा एका बाईचा फोन. "डॉक्टर?" म्हणते. राँग नंबर म्हणून ठेवून दिला. लोक नंबर बघून लावत नाहीत.

१८ मार्च

लिहिण्यासारखं फारसं नाही.

हॉल भरलेला. परमशिवम साहेब पुढे. मी माझा लॅपटॉप जोडला. डिरेक्टरी बघायचं माझं स्वतःचं टूल आहे, ते महिन्याभरापासून उघडंच असतं, मी असल्या गोष्टी बंद करत नाही. पडद्यावर एका डॉक्टरचं नाव काढलं. म्हटलं, आता पाहा, ड्यूटी फोन.

ड्यूटी फोन नव्हता. '२' नव्हता. '३' नव्हता. नाव, पासवर्डची तारीख, पार्किंगचा नंबर, बस्स. सगळं फेब्रुवारीतलं.

खाली-वर केलं. दुसरा डॉक्टर काढला. तिसरा काढला. मागून कुणीतरी खोकलं. मस्तुरा हळूच जवळ आली आणि फक्त मलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "अंकल, टूल बंद करून परत उघडा ना. त्याच्याकडे जुनी कॉपी असेल."

मी मोठ्यानं म्हणालो की केबल खराब आहे. केबल बदलली. जुनेच रकाने नवीन केबलमधून आले. मग म्हटलं प्रोजेक्टर खराब. साहेब म्हणाले, "फूंग, प्रोजेक्टर काय डॉक्टरांचे नंबर लपवतो का?" लोक हसले. मस्तुरा हसली नाही. हे तर जास्त झोंबलं.

साहेबांचा हुकूम : दोघांनी मिळून मिटवा. गुरुवारपासून वॉर्डात भिंतीवर चिकटवलेले जुने नंबरांचे कागद काढायचे, सगळ्यांनी बटणच वापरायचं. मस्तुरानं आठवडाभर थांबा म्हणून विनवलं. मी ताडकन म्हणालो, सर्व्हर तयार आहे, थांबायचं काय कारण? ती म्हणेल त्याच्या उलट म्हणायचं, हे मी आधीच ठरवलेलं होतं. साहेब म्हणाले, मग गुरुवारच.

शेवटचं वाक्य म्हणायचं राहूनच गेलं.

कॉफी : साखर दोन चमचे. याला जबाबदार मस्तुरा.

२० मार्च

मस्तुरा वॉर्डावॉर्डात जाऊन प्रोग्राम बंद-चालू करतेय. सगळीकडे '३' दिसू लागला. फक्त वॉर्ड चारच्या सिस्टर गुणवती मशीनला हात लावू देत नाहीत. "माझे पेशंट पडलेत इथे, तुमची खेळणी नंतर," म्हणाल्या. मस्तुरानं मला मेल टाकली. विषय : 'अंकल, वॉर्ड चार, अर्जंट.'

उघडली नाही. तिच्या अर्जंटला मी उद्या बघेन. किंवा परवा.

२१ मार्च, गुरुवार

वॉर्डातल्या खुर्चीत बसून लिहितोय.

पहाटे सिउ लिनच्या पोटात दुखायला लागलं. उजव्या बाजूला, बरगडीखाली. आठ वाजता आमच्याच हॉस्पिटलात आणली. पित्ताशयात खडे. बेड मिळाला वॉर्ड चारमध्ये. औषधानं उतार पडला तशी ती माझ्या शर्टच्या बटणांवरून बोलायला लागली, म्हणून मी निर्धास्त झालो.

दुपारी अचानक थंडी भरली. दात वाजायला लागले, अंग तापलं, दुखणं उलटून आलं. माझा हात तिनं इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. सिस्टर गुणवतींनी नर्सला सांगितलं, डॉक्टरांना बोलाव, ताबडतोब. नर्स काउंटरवर धावली.

माझा फोन वाजला. हॉस्पिटलच्या आतला नंबर. मस्तुराच असणार, वॉर्ड चारचं टुमणं घेऊन. अशा वेळी! कापला.

परत वाजला. परत कापला. खरं सांगायचं तर कापताना बरं वाटलं.

नर्स ओरडली, "सिस्टर, डॉक्टर फोन कापताहेत!"

सिस्टर म्हणाल्या, "कापताहेत? कसला माणूस आहे हा! परत लाव."

मीही तापलो. म्हटलं, असल्या माणसाला नोकरीवरून काढायला हवं, इथे माझी बायको तळमळतेय आणि हा फोन कापतो! सिउ लिन डोळे मिटून कण्हत होती. माझा फोन तिसऱ्यांदा वाजला. मस्तुराला आता चांगलंच सुनवायचं म्हणून उचलला आणि खेकसलो, "काय आहे?"

फोनमधून आवाज आला, "डॉक्टर, बेड सात, लवकर या, पेशंटला हुडहुडी भरलीये."

तोच आवाज काउंटरवरूनही आला. नर्सची पाठ माझ्याकडे होती. चार पावलांवर.

मी म्हणालो, "मी इथेच आहे."

ती म्हणाली, "मग या ना डॉक्टर!"

मी म्हणालो, "मी डॉक्टर नाही."

ती वळली. मी कानाला फोन लावून तिच्याकडे बघत होतो, ती कानाला फोन लावून माझ्याकडे. मग स्क्रीनवरचा दुसरा डॉक्टर लावला तिनं. माझा फोन वाजला. तिसरा लावला. माझाच वाजला. भिंतीवर कागद होता तिथे फक्त चिकटपट्टीचे चार डाग.

सिस्टर गुणवतींनी तडक मस्तुराला फोन लावला. तिचा नंबर त्यांना पाठ होता, गेला आठवडाभर दोघींचं भांडण चालू होतं. त्यानंतर किती वेळ गेला मला माहीत नाही. मी सिउ लिनच्या सपाता हातात घेऊन उभा होतो. का घेतल्या होत्या कोण जाणे. मग जिन्यातून पावलं वाजली आणि मस्तुरा आली. घामाघूम, डोक्यावरचा टुडुंगचा रुमाल एका बाजूला सरकलेला. तिच्यामागे सर्जन, हातात अर्धवट काढलेले ग्लोव्हज. त्यांना ती ओपीडीतून हाताला धरून घेऊन आली होती. लिफ्टची वाटही बघितली नव्हती. चार मजले, उपवासाच्या अंगानं.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर विष रक्तात भिनलं असतं.

सिउ लिन झोपली आहे. श्वास नीट चालू आहे. मोजत बसलो होतो.

तांत्रिकदृष्ट्या नंबर माझा होता. पण वॉर्ड चारचा प्रोग्राम बंद करून उघडला असता तर हे झालंच नसतं. म्हणजे मूळ दोष शिळ्या कॉपीचाच.

मस्तुराची मेल उघडली. 'अंकल, वॉर्ड चारमध्ये सगळ्या डॉक्टरांपुढे तुमचा नंबर दिसतोय. चाचणीचा असेल. तेवढा काढता का?'

काढला.

२५ मार्च

सिउ लिन बरी. पातळ भात खाते आणि भाताला नावं ठेवते.

मस्तुरा रोज दुपारी तिला भेटायला येते. माझ्या वाकड्यात जाऊन माझ्याच बायकोशी गोडीगुलाबी! आज मी पडद्याआड थांबून ऐकलं. मस्तुरा विचारत होती, "आँटी, अंकल माझ्यावर रागावलेत का हो?"

सिउ लिन म्हणाली, "तुझ्यावर एकटीवर कशाला? त्यांचं सगळ्यांवरच चालू असतं. गेल्या वर्षी टोस्टरवर होतं."

दोघी हसल्या. सिउ लिनच्या टाक्यांना ताण बसला, तरी हसत होती.

त्या टोस्टरचं प्रकरण वेगळं होतं.

२७ मार्च

चौकशी. रात्रभर बचावाची वाक्यं पाठ केली. मस्तुराकडे माझ्या नंबराचा पुरावा आहे, नकाशा तीनदा बदलल्याच्या नोंदी आहेत. तिच्या जागी मी असतो तर आज माझा पार चुराडा केला असता. हळूहळू, चवीनं.

परमशिवम साहेबांनी विचारलं, चूक कुणाची?

मस्तुरा म्हणाली, "सर, वॉर्ड चारमध्ये नकाशाची जुनी कॉपी राहिली. कॉपी वेळेवर बदलणं हे आमच्या प्रोग्रामचं काम. आता तो दर तासाला सर्व्हरला विचारेल, नकाशा बदललाय का, आणि बदलला असेल तर नवा घेईल. कुणाला काही बंद करावं लागणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "फूंग, तुला काही सांगायचंय?"

मी म्हणालो, नाही.

विजय! तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. चूक तिची. मिनिट्समध्ये लिहिलं गेलं. याच दिवसासाठी मी महिनाभर राबलो.

संध्याकाळी साजरं करायला जुन्या बाजारातल्या कॉफीवाल्याकडे गेलो. बसलो. कॉफी आली. प्यायचं काही मनात येईना. पित्त असेल.

१ एप्रिल

साहेबांनी जाहीर केलं : माझा विभाग आणि मस्तुराचा विभाग एकत्र. हेड, मस्तुरा. म्हणाले, आपली चूक उभं राहून सांगणारी आणि त्याच वाक्यात उपाय देणारी माणसं कमी असतात.

आज एक एप्रिल आहे हे मी नम्रपणे त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते हसले नाहीत.

म्हणजे मी जे कबूल करायला लावलं, त्याचंच तिला बक्षीस! हा डाव किती खोल होता ते आता दिसतंय.

निश्चय : राजीनामा. कडक भाषेत.

५ एप्रिल

राजीनाम्याचा पहिला परिच्छेद झाला. सिउ लिननं वाचला आणि शुद्धलेखनाच्या चुका काढून परत दिला. म्हणाली, "हे देऊन दिवसभर घरात बसणार? माझ्यासमोर?"

पुनर्विचार चालू.

१३ एप्रिल, शनिवार

मस्तुराकडे ईदचं जेवण. सगळ्या ऑफिसला बोलावणं. मी जाणार नव्हतो. सिउ लिन म्हणाली, तू येऊ नकोस, मी जाते. मग गेलो. चेहरा थंड ठेवायचा, अभिनंदन एका शब्दात, पाणीसुद्धा अर्धा ग्लास.

दारातच मस्तुरा. नवा निळा पोशाख. दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाली, "अंकल, बोलण्यात-वागण्यात माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला."

शेवटी! माफी. दारात, सहकाऱ्यांच्या देखत. मी मोठ्या मनानं म्हणालो, "ठीक आहे. केलं माफ."

सिउ लिननं माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

ईदला सगळेच सगळ्यांची माफी मागतात, हे मला माहीत आहे. जन्म इथेच गेलाय. पण हिच्या बोलण्यात वेगळं काही होतं, हे ऐकणाऱ्याला कळतं. मी आत जाऊन मटणाचं रेंडांग वाढून घेतलं आणि दाराजवळच बसलो. मग परमशिवम साहेब आले. त्यांनाही तेच वाक्य. सिस्टर गुणवतींनाही. गॅसचा सिलेंडर घेऊन आलेल्या माणसालाही. शेजारच्या तीन वर्षांच्या पोरीपुढे तर ती गुडघ्यावर बसून म्हणाली. प्रत्येकाला तितक्याच मनापासून. आणि प्रत्येक जण उलट तेच म्हणत होता, माझंही चुकलं असेल, पोटात घाला. पोरगीसुद्धा बोबडं म्हणाली.

तसं म्हणायचं राहिलेला घरात मी एकटाच.

निघालो. गाडीपाशी पोचल्यावर सिउ लिन म्हणाली, "मी बसते गाडीत. तू ये जाऊन."

मी कुठे जायचंय म्हणून विचारलं. तिनं दार लावून घेतलं.

परत गेलो. रस्ताभर वाक्य घोळवलं. तसं छोटंसंच आहे. मस्तुरा स्वयंपाकघराच्या दारात भांडी आवरत होती. मला बघून हात पुसत आली. "काय अंकल, काही राहिलं का?"

मी घसा खाकरला. ती थांबली. अजिबात घाई केली नाही तिनं.

मी म्हणालो, "सोमवारी किती वाजता यायचं?"

"नेहमीसारखंच, अंकल. साडेआठला."

गाडीत आल्यावर सिउ लिननं विचारलं, "बोललास?"

बोललो म्हटलं.

"काय म्हणालास?"

"वेळ विचारली."

तिनं पट्टा लावला आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

सोमवारी सव्वाआठलाच जावं म्हणतो.